खोट्या आरोपाला उत्तर कसे द्यावे?



नोकरीत वरिष्ठांनी खोटा आरोप केला की माणूस एकतर तिथंच भांडतो, नाहीतर घरी येऊन रडत बसतो. मी दोन्ही केलंय, म्हणून हे लिहितेय.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे शालेय पोषण आहाराचं काम होतं. एके दिवशी साठा मोजला, तर नोंदवहीपेक्षा 48 किलो तांदूळ कमी भरला. वरिष्ठांनी सगळ्या स्टाफसमोर विचारलं, "मॅडम, तांदूळ घरी नेला का?" लोहाऱ्यासारख्या लहान गावात अशी गोष्ट संध्याकाळपर्यंत किराणा दुकानात पोहोचते. दुसऱ्या दिवशी कारणे दाखवा नोटीस हातात पडली.

रात्री रागाच्या भरात चार पानी खुलासा लिहिला. त्यात तांदळाबद्दल चार ओळी, बाकी सगळी वरिष्ठांची उणीदुणी! सकाळी मिस्टरांनी तो वाचला आणि एवढंच विचारलं, "पण तांदूळ गेला कुठं?"

मग कागद काढले. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 100 ग्रॅम तांदूळ. 12 दिवसांचा खर्च रोजच्या नोंदीत होता, पण साठा नोंदवहीत उतरवायचा राहिला होता. त्या दिवसांत जेवलेल्या मुलांची बेरीज 480. म्हणजे बरोबर 48 किलो!

नवा खुलासा एका पानात बसला. नोंद राहिली ही माझी चूक. तांदूळ नेल्याचा आरोप अमान्य. सोबत नोंदींच्या प्रती जोडल्या. प्रकरण तिथंच मिटलं. पण सगळ्यांसमोर केलेला आरोप सगळ्यांसमोर मागे घेतला गेला नाही. ते अजून सलतं.

यातून शिकलेले मुद्दे :

1. नोटीस नाकारू नका. ती घेतली म्हणजे आरोप मान्य केला असं होत नाही. आरोप तोंडी असेल तर लेखी मागा.
2. खुलासा मुदतीत द्या. वेळ कमी असेल तर मुदतवाढीचा अर्ज करा. पोच घ्यायला विसरू नका.
3. मुद्द्याला मुद्दा, सोबत पुरावा. जेवढी चूक आहे तेवढीच मान्य करा. "प्रकरण मिटवू" म्हणून न केलेलं कबूल करू नका.
4. कागद मिळत नसतील तर माहिती अधिकार कायदा 2005 आहे. उत्तराची मुदत साधारण 30 दिवस.
5. नियम वाचा. जिल्हा परिषद शिक्षकांना 1964 चे शिस्त व अपील नियम लागू आहेत, खाजगी शाळांना 1981 ची नियमावली. बाजू मांडायची संधी हा आपला हक्क आहे. खाजगी शाळेतून काढून टाकलं, तर 30 दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं.
6. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर खुलासा करू नका. तिथं उत्तर कमी, चर्चा जास्त.

शेवटी एक. वर्गात कंपास हरवला की पूर्वी माझी नजर ठरावीक मुलाकडेच जायची. "तूच घेतलास ना?" असं सगळ्यांसमोर विचारलंय मी. आता आधी सगळी दप्तरं, बाकाखालची जागा बघतो. विचारायचंच झालं तर बाजूला घेऊन. आणि चुकले तर सगळ्या वर्गासमोर त्याला "माझं चुकलं बाळा" म्हणते.

मुलाला खुलासा लिहिता येत नाही. त्याची बाजू आपणच ऐकायची असते.