रस्त्याचा खर्च कोणी द्यावा?

प्रस्तावना

पेट्रोल पंपावर वाहनात इंधन भरताना ग्राहक केवळ इंधनाचीच किंमत देत नाही. त्या रकमेत करही असतो आणि त्या कराचा काही भाग रस्ते बांधण्यासाठी व त्यांच्या दुरुस्तीसाठी वापरला जातो. विजेवर चालणारे वाहन पंपावर जातच नाही. मात्र ते धावते त्याच रस्त्यावरून. मग त्याने रस्त्याच्या खर्चातील आपला वाटा कसा उचलावा? ‘जितके किलोमीटर, तितका आकार’ असे उत्तर काही देशांनी शोधले आहे. त्या उत्तराचा विचार या पाठात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• इंधनकर व अंतरावर आधारित आकार यांतील फरक सांगू शकाल;
• न्यूझीलंडमधील पद्धतीची माहिती देऊ शकाल;
• या पद्धतीच्या बाजूचे व विरुद्ध बाजूचे मुद्दे मांडू शकाल.

१. इंधनकराची कल्पना

अमेरिकेतील ऑरेगन राज्याने १९१९ मध्ये पेट्रोलवर गॅलनमागे १ सेंट कर बसवला. रस्त्यांसाठी असा कर लावणारे ते तेथील पहिले राज्य होय. भारतात १९२७ मध्ये बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्तेविकास समिती नेमण्यात आली. पेट्रोलवर जादा कर घेऊन रस्त्यांसाठी स्वतंत्र निधी उभारावा, अशी शिफारस या समितीने केली. त्यानुसार १९२९ मध्ये केंद्रीय रस्ता निधी अस्तित्वात आला. हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले.

या करामागील विचार सरळ होता. जो अधिक फिरतो, तो अधिक इंधन जाळतो. अवजड वाहनालाही इंधन अधिक लागते. म्हणून इंधन हे रस्त्याच्या वापराचे माप मानले गेले. कर इंधनाच्या किमतीतच मिळवलेला असल्याने प्रत्येक वाहनधारकाकडे वसुलीसाठी जाण्याचीही गरज नव्हती.

२. माप चुकू लागले

सारख्याच वजनाच्या तीन मोटारी १,००० किलोमीटर धावल्या, असे समजा. जुन्या मोटारीला १०० लीटर पेट्रोल लागले, नव्या मोटारीला ५० लीटर लागले आणि तिसरी विजेवर चालली. तिघींनी रस्ता सारखाच वापरला. परंतु दुसरीने पहिलीच्या निम्माच कर भरला आणि तिसरीने इंधनकर मुळीच भरला नाही. नवे वाहन घेण्याची ऐपत ज्याला नाही, त्याच्यावरच अधिक भार पडला.

याच्या उलट प्रकारही घडतो. शेतातील पाण्याचा पंप डिझेलवर चालतो, पण तो रस्त्यावर कधीच येत नाही. तरीही त्याच्या डिझेलमागे शेतकऱ्याला रस्त्याचा अधिभार द्यावा लागतो.

३. न्यूझीलंडचा अनुभव

न्यूझीलंडमध्ये डिझेलवर चालणाऱ्या वाहनांकडून १९७८ पासून अंतरानुसार आकार घेतला जातो. शेती व मासेमारी यांसाठी लागणाऱ्या डिझेलवर रस्त्याचा भार पडू नये, हा त्याचा एक लाभ. तेथे वाहनधारक १,००० किलोमीटरच्या पटीत परवाना आगाऊ विकत घेतो. वाहनातील अंतरमापकाचा आकडा परवान्यावरील मर्यादेपर्यंत पोहोचण्यापूर्वी नवा परवाना घ्यावा लागतो.

अवजड वाहनांसाठी दर वेगळे आहेत, कारण रस्त्याची झीज वजनाच्या प्रमाणाहून कितीतरी वेगाने वाढते. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात घेतलेल्या चाचण्यांवरून असे दिसले, की एक्सलवरील भार दुप्पट झाला तर झीज साधारणपणे सोळापट होते. इंधनाचा खर्च मात्र सोळापट होत नाही. वजन व अंतर या दोहोंचा हिशेब ठेवणारा आकार हा फरक टिपू शकतो.

विजेवरील मोटारींना तेथे मिळणारी सूट ३१ मार्च २०२४ रोजी संपली. १ एप्रिलपासून त्यांना १,००० किलोमीटरमागे ७६ न्यूझीलंड डॉलर असा आकार लागू झाला. पेट्रोलवरील वाहनांनाही टप्प्याटप्प्याने याच पद्धतीत आणण्याचा मनोदय तेथील शासनाने २०२५ मध्ये जाहीर केला.

४. आक्षेप

पहिला आक्षेप पर्यावरणाचा आहे. इंधनकरामुळे कमी इंधन जाळणाऱ्याची बचत होते. केवळ अंतर मोजले, तर हे उत्तेजन नाहीसे होते.

दुसरा आक्षेप खाजगीपणाचा. उपग्रहाच्या साहाय्याने अंतर मोजले, तर माणूस कोठे व केव्हा गेला याचीही नोंद होते. ऑरेगनने २०१५ मध्ये मैलामागे दीड सेंट आकाराची ऐच्छिक योजना सुरू केली, तेव्हा स्थान न नोंदवणारे उपकरण निवडण्याची मुभा वाहनधारकांना दिली.

तिसरा आक्षेप गरिबांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. इंधनकर थोडाथोडा दिला जातो. परवान्याची रक्कम एकदम व आगाऊ द्यावी लागते. रोजच्या कमाईवर जगणाऱ्याला हा फरक जाणवतो. ग्रामीण भागात कामासाठी, दवाखान्यासाठी दूर जावे लागते. त्यांचे किलोमीटर हौसेचे नसतात.

५. समारोप

इंधनकर वसूल करणे सोपे आहे, पण विजेच्या वाहनांमुळे त्याचे माप खोटे ठरू लागले आहे. अंतरावरील आकाराचे माप अधिक खरे आहे. मात्र त्याची वसुली अधिक कठीण आहे. म्हणून अशी पद्धत स्वीकारताना वजनानुसार दर, प्रवासाच्या नोंदींचे संरक्षण आणि लहान हप्त्यांची सोय या तिन्ही गोष्टी आधी ठरवाव्या लागतात. त्या ठरल्या नाहीत, तर जुन्या अन्यायाच्या जागी नवा अन्याय येईल.

शब्दार्थ

आकार – सेवेबद्दल घेतली जाणारी रक्कम
अधिभार – मूळ रकमेवरील जादा कर
ऐच्छिक – सक्तीचा नसलेला
मनोदय – मनातील हेतू

स्वाध्याय

१. जयकर समितीने कोणती शिफारस केली?
२. इंधन हे रस्त्याच्या वापराचे माप का मानले गेले?
३. तीन मोटारींच्या उदाहरणातून कोणता अन्याय स्पष्ट होतो?
४. तुमच्या परिसरातील एखादा रिक्षाचालक, शेतकरी किंवा ट्रकचालक या पद्धतीबद्दल काय म्हणेल? आठ ते दहा ओळींत लिहा.