रंगाईसाठी कंट्रोलर कोणता घ्यावा?

डहाणू-तलासरीच्या बाजारात आम्ही कापड विकतो. एकाच ताग्यात दोन छटा निघाल्या की गिऱ्हाईक माल परत करते आणि तोटा आपल्या अंगावर येतो. पॉलिस्टर साधारण १३० अंशांवर रंगते. तिथवर तापमान मिनिटाला एक-दोन अंशांनीच चढवावे लागते. हे काम कंट्रोलरचे.

रूढ पीआयडी कंट्रोलर हवे असलेले व प्रत्यक्ष तापमान यांतील फरकावरून हिशेब करून वाफेचा व्हॉल्व्ह हलवतो. फझी कंट्रोलर कारागिराचीच भाषा चालवतो : ‘तापमान थोडे कमी, पण झपाट्याने चढते आहे, तर वाफ कमी कर.’ लोत्फी झादेह यांनी १९६५ साली ही कल्पना मांडली. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले इब्राहिम ममदानी यांनी १९७० च्या दशकात लंडनमध्ये ती वाफेच्या छोट्या इंजिनावर चालवून दाखवली.

माल एकसारखा असेल तर पीआयडी पुरे. तो स्वस्त व दुरुस्तीस सोपा. मालाचे वजन, वाफेचा दाब रोज बदलत असेल आणि जुना कारागीर हातानेच चांगले सांभाळत असेल, तर फझीचा विचार करावा. त्या कारागिराला जवळ बसवून नियम लिहून घ्यावेत.

मात्र बांधवांनी आधी सेन्सर व व्हॉल्व्ह तपासावेत. तेच बिघडलेले असतील, तर कोणताही कंट्रोलर माल वाचवणार नाही.