तारे कुठून पाहावे?

पारशिवनीच्या मंडळींनी एक करून बघावे. अंधार पडला की गावाबाहेर मोकळ्या वावरात उभे राहावे आणि दक्षिणेकडे तोंड करावे. आभाळाची खालची कड पिवळट दिसेल. तिकडे वणवा लागलेला नाही. ते नागपूर! शहरातल्या दिव्यांचा उजेड वर जातो, हवेतल्या धुळीवर पडतो आणि पसरतो. आपल्या पेंचचे पाणी नागपूर पिते, आणि नागपूरचा उजेड आपल्या आभाळात येतो. अशी ही देवाणघेवाण.

आता पाठ फिरवा. उत्तरेला पेंचचे जंगल आहे. तिकडे आभाळ काळेभोर, म्हणून चांदण्या दाट वाटतात. दिवसा सूर्याच्या उजेडात चांदण्या बुडतात ना? शहरात त्या दिव्यांच्या उजेडात बुडतात.

तेव्हा तारे पाहायला अंधाराची जागा धरावी. अमावस्येच्या आगेमागे जावे. पौर्णिमेच्या रात्री जंगलातही काही साधत नाही. दिवाळीपासून शिमग्यापर्यंतचे दिवस चांगले. वावरात किंवा खळ्यावर खाट टाकून निजावे. मान दुखत नाही आणि विंचूकाट्याची भीतीही कमी. जंगलात मात्र रात्री शिरू नका. तिथे वाघ आहे.

डोळ्यांनाही वेळ द्यावा लागतो. अंधाराला ते सरावायला 20 ते 30 मिनिटे लागतात. मध्येच कुणी मोबाईल उघडला की पुन्हा पहिल्यापासून! बॅटरी लागलीच तर काचेवर लाल कापड बांधा. लाल उजेडाने डोळे फारसे दिपत नाहीत.

आता मृग शोधू. मृग म्हटले की शेतकऱ्याला जूनचा पाऊस आठवतो. पण जूनमध्ये मृगाच्या चांदण्या रात्री शोधाल तर सापडणार नाहीत. मृग लागला म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात आला. मग ते नक्षत्र सूर्याबरोबरच उगवते आणि मावळते. त्याला पाहायचे ते थंडीत. पौषात, जेवणे झाल्यावर, पूर्वेकडे बघा. चार चांदण्यांचा मोठा चौकोन दिसेल. ते हरणाचे पाय. मधोमध तीन चांदण्या एका ओळीत आहेत. तो त्याला लागलेला बाण. त्या ओळीने खाली गेलात की लखलखीत व्याध भेटतो. तोच शिकारी. उलट वर गेलात की तांबूस रोहिणी, आणि तिच्या पुढे कृत्तिकांचा झुबका.

या कृत्तिका म्हणजे जागेची परीक्षाच. चांगल्या नजरेला चांगल्या जागेवरून सहा मोजता येतात. शहरात नुसता धुरकट ठिपका दिसतो, कधी तोही नाही.

आपल्या जवळच्या अंधाराची कीर्ती आता दूरवर गेली आहे. जानेवारी 2024 मध्ये आपल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला ‘डार्क स्काय पार्क’ हा मान मिळाला. डार्क स्काय पार्क म्हणजे राखलेल्या काळ्या आभाळाचे रान. अमेरिकेतली एक संस्था जगभरच्या अशा जागा पारखून हा मान देते. भारतात तो पहिल्यांदा पेंचला मिळाला. आशियात ही पाचवी जागा.

हा मान नुसत्या जंगलामुळे मिळाला नाही. वाघोडा, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभरावर दिवे बदलले. आता त्यांचा उजेड खाली पडतो. वाघोड्याच्या तलावाजवळ मचाण उभारले आणि दुर्बीण ठेवली.

कुणी म्हणेल, इतक्या वर्षांनी गावात दिवे आले, ते काय विझवायचे? मुळीच नाही. बाईमाणसाला रात्री रस्ता दिसला पाहिजे, साप दिसला पाहिजे. पण आभाळाला उजेड कशाला? खांबावरच्या दिव्याला वरून झाकण असले तर तोच उजेड रस्त्यावर जास्त पडतो. रात्री उडणारी पाखरेही उजेडाला भुलून वाट चुकतात, ती चुकणार नाहीत. खांबावर आपण चढायचे नाही. ग्रामसभेत विषय काढायचा आणि ग्रामपंचायतीकडून काम करून घ्यायचे.

झाकण बसायच्या आधी एकदा अंगणातून कृत्तिका मोजून ठेवा. मग बसल्यावर पुन्हा मोजा. चार होत्या त्या पाच झाल्या का, सहा झाल्या का, ते घरातल्या पोरांना विचारा. त्यांची नजर आपल्यापेक्षा चांगली असते.