संगणकाची स्मृती वाढविताना

रावेर-यावल परिसरातील केळी उत्पादक बऱ्हाणपूरचा भाव कानावर आल्याखेरीज बागेतील माल काढीत नाही. हीच चौकस वृत्ती सार्वजनिक पैशातून होणाऱ्या लहान खरेदीत मात्र अभावानेच आढळते. ग्रामपंचायतीचा अथवा शाळेचा संगणक मंद झाला की ‘रॅम वाढवा’ असा सल्ला मिळतो आणि पहिल्याच दुकानातून मिळेल ती पट्टी, सांगितलेल्या भावात खरेदी केली जाते.

रॅम म्हणजे संगणकाची कार्यकारी स्मृती. कपाटातील दप्तर ही साठवण मानली, तर मेजावर उघडून ठेवलेल्या फायली म्हणजे रॅम. मेज लहान असले की प्रत्येक कागदासाठी कपाटाकडे खेपा घालाव्या लागतात. ई-ग्रामस्वराज, यू-डायस प्लस यांसारखी संकेतस्थळे एकाच वेळी उघडून काम करताना 4 जीबी स्मृतीच्या संगणकावर ही अडचण प्रकर्षाने जाणवते. 8 जीबी झाल्यास सामान्य कार्यालयीन काम सुरळीत चालते.

तथापि प्रत्येक मंद संगणकाचा दोष स्मृतीत नसतो. विंडोज प्रणालीत कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकदम दाबल्या असता टास्क मॅनेजर उघडतो. नेहमीचे काम चालू असताना तेथे मेमरीचा वापर सतत 85-90 टक्क्यांवर राहत असेल, तर पट्टी घेणे योग्य. मेमरी निम्मी मोकळी असूनही डिस्क 100 टक्के दाखवीत असेल, तर दोष जुन्या हार्डडिस्कचा आहे. तेथे एसएसडी बसविल्याने अधिक लाभ होतो. विंडोज 32-बिट असल्यास 4 जीबीच्या पुढील स्मृती सामान्यतः वापरलीच जात नाही, हेही आधी तपासावे.

यानंतरचा प्रश्न प्रकाराचा. डीडीआर-3, डीडीआर-4 व डीडीआर-5 या पट्ट्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत. त्यांच्या खाचा मुद्दामच वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या असतात. लॅपटॉपची पट्टी आखूड, तर मेजावरील संगणकाची लांब असते. जुन्या पट्टीवरील चिठ्ठीवर पीसी-3 असेल तर ती डीडीआर-3, पीसी-4 असेल तर डीडीआर-4. या चिठ्ठीचे छायाचित्र काढून दुकानात नेणे हा सर्वांत सोपा उपाय. मोकळी खाच आहे की नाही हेही पाहावे. नसल्यास जुनी पट्टी काढावी लागते आणि खर्चाचा हिशेब बदलतो.

भावाची चौकशी आता पूर्वीपेक्षा अधिक अगत्याची झाली आहे. 2025 च्या उत्तरार्धापासून स्मृतीचे दर जगभर झपाट्याने चढले. सॅमसंग, एसके हायनिक्स व मायक्रॉन या तीन कंपन्यांच्या हाती जगातील बहुतांश उत्पादन आहे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या विदाकेंद्रांना लागणाऱ्या स्मृतीकडे त्यांनी आपली क्षमता वळविली. क्रुशियल या नावाने होणारी किरकोळ विक्री थांबविण्याची घोषणा मायक्रॉनने डिसेंबर 2025 मध्ये केली. अशा काळात मागील वर्षीच्या दराने केलेली तरतूद अपुरी पडते, आणि महिन्यापूर्वीचे दरपत्रकही विश्वासार्ह राहत नाही.

जळगावचे गोलाणी मार्केट, धुळ्याची बाजारपेठ आणि शासकीय खरेदीचे जेम हे संकेतस्थळ या तिन्ही ठिकाणचे दर एकाच आठवड्यात घ्यावेत. मात्र मागणीपत्रात केवळ ‘8 जीबी रॅम’ असे लिहिल्यास येणाऱ्या दरपत्रकांची तुलनाच होऊ शकत नाही. प्रकार, क्षमता, वेग, संगणकाचा नमुना, हमीची मुदत, नवी की वापरलेली आणि दर 18 टक्के वस्तू व सेवा करासह की कराविना, हे सर्व नमूद असावे. पुष्कळदा सर्वांत कमी दराचे रहस्य या शेवटच्या दोन बाबींत दडलेले असते.

स्वस्त मालाचे आणखी एक कारण आहे. सर्व्हरमधून निघालेल्या ‘रजिस्टर्ड’ पट्ट्या कमी भावात मिळतात, पण साध्या संगणकात त्या चालत नाहीत. डीडीआर-3 बाबत मात्र वापरलेली पट्टी घेण्यात कमीपणा नाही. दहा वर्षांच्या यंत्रावर नव्या पट्टीचा खर्च क्वचितच परवडतो. दुकानदाराने आपल्यासमोर बसवून, तपासणी चालवून दाखवावी आणि बदलून देण्याची मुदत पावतीवर लिहावी, एवढे पुरे.

खर्च करण्यापूर्वी यंत्राचे उरलेले आयुष्यही लक्षात घ्यावे. विंडोज 10 ची सर्वसाधारण सेवा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली. विंडोज 11 ला किमान 4 जीबी स्मृती लागते, परंतु त्यासोबत प्रोसेसर व सुरक्षा चिप यांच्याही अटी आहेत. त्या केवळ रॅम वाढवून पूर्ण होत नाहीत. अशा यंत्रांवर लिनक्स हा पर्याय उरतो. केरळमधील शासकीय शाळांनी तो दीर्घकाळ वापरला आहे, आणि सी-डॅकची बॉस ही प्रणाली भारतीय भाषांसाठीच तयार झाली आहे.

पट्टी बसविताना वीजजोडणी काढून घ्यावी. खानदेशातील एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर विद्युत साठते व तिच्या ठिणगीने पट्टी निकामी होऊ शकते. म्हणून आधी संगणकाच्या धातूच्या पेटीला हात लावावा. नव्या पट्टीचा अनुक्रमांक पावतीवर व जडवस्तू संग्रह नोंदवहीत घ्यावा. काढलेली जुनी पट्टीही त्याच नोंदवहीत दाखवावी, कारण दुसऱ्या शाळेच्या संगणकाला नेमकी तीच हवी असण्याचा संभव असतो.