खात्यात पडेपर्यंत पाठ सोडायची नाही

पोरी, बारावी झालीस, आता नीट ऐक. कॉलेजच्या स्कॉलरशिपच्या खिडकीमागे माझी सगळी नोकरी गेली. पैशावाचून अडलेली पोरं पाहिली, पण हाताशी योजना असून कागदावाचून अडलेली त्याहून जास्त पाहिली.

दाखले आधी काढ. निकाल लागला की सेतू केंद्रात पाय ठेवायला जागा नसते. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा, जातीचा प्रांत कार्यालयाचा. जात पडताळणीला सगळ्यात वेळ लागतो. तिची पावतीसुद्धा जपून ठेव.

आधार, दहावीचं मार्कलिस्ट आणि पासबुक शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघ. बापाचं नाव एकीकडे पांडुरंग, दुसरीकडे पंढरी, एवढ्यावर वर्ष जातं.

प्रवेश कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतूनच घे. मॅनेजमेंट कोट्यात शिरलीस तर शिष्यवृत्तीवर पाणी सोड.

आपल्याला, म्हणजे अनुसूचित जातीला, घरचं उत्पन्न २.५ लाखांच्या आत असलं तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. वर गेलं तर फ्रीशिप, म्हणजे फीमाफी. तुझी मैत्रीण ओबीसी ना? तिला सांग, उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी मुलींना २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे.

सरकारी वसतिगृहाचा अर्ज चुकवू नकोस. तिथे नंबर नाही लागला तर स्वाधार योजना आहे. मुंबई-पुण्यात राहणाऱ्याला वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मिळतात.

बँकेत 'आधार लिंक आहे' एवढ्यावर परत फिरू नकोस. डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यायला, आधारचं सीडिंग झालंय का, कुठल्या खात्याला, हे विचार. पैसे तिथेच पडतात, मग ते खातं तू विसरलेली का असेना.

शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज सबमिट केला की पोरं निवांत होतात. तिथेच फसतात. अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला, मग समाजकल्याणकडे जातो. त्रुटी निघाली तर परत तुझ्याकडे येतो आणि मुदत संपली की गेला. आठवड्यातून एकदा लॉगिन करून बघ. पासवर्ड वहीत लिही. कॅफेवाल्याच्या भरवशावर राहू नकोस, त्याचा मोबाइल नंबर तर अर्जात मुळीच घालू नकोस.

पैसे आले की त्यातली फी आधी कॉलेजात भर, पावती घे. आणि पुढच्या वर्षी नूतनीकरण तुलाच करायचंय, ते आपोआप होत नाही.