वीत, हात आणि मापटे

शास्त्रभाग : १ शमुवेल १७:४

गल्याथाची उंची सहा हात एक वीत होती, हे शब्बाथ शाळेतील मुले धडाधड सांगतात. पण म्हणजे किती, असे विचारले की वर्ग गप्प होतो. शिक्षकांनी एकदा भिंतीवर खडूने ही उंची मोजून दाखवावी. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. दोन विती म्हणजे साधारण एक हात. मोठ्या माणसाचा हात सुमारे ४५ सेंटिमीटर धरला तर खूण २९० सेंटिमीटरच्या वर जाते; स्टुलावर चढावे लागते. (जुन्या ग्रीक भाषांतरात ही उंची चार हात एक वीत आहे, ती चर्चा मोठ्यांच्या वर्गासाठी ठेवावी.) मग एखाद्या लहान मुलाने त्याच भिंतीवर स्वतःच्या हाताने मोजावे. त्याचा गल्याथ बराच बुटका निघेल. असे का झाले, हे मुलांनाच शोधू द्यावे. सर्वांना चालेल असे एकच माप हवे, हे त्यांच्याच तोंडून आले म्हणजे मीटरपट्टी पुढे करावी.

हाच पाठ घरी चालू ठेवता येतो. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या बाजूचे पुष्कळ पालक आम्हांला म्हणतात, "लेकरू कन्नड शाळेत जातं, आम्ही काय शिकवणार?" मोजमापाच्या बाबतीत ही सबब आम्ही मान्य करीत नाही. शाळेत वितीला गेणु म्हणतात आणि हाताला मोळ, एवढाच फरक. जी आई डोळ्यांच्या अंदाजाने दहा माणसांचे पीठ काढते, तिला मोजमाप येत नाही असे कोण म्हणेल?

तिने मुलाला जवळ बसवून विचारावे, "या घागरीत किती तांबे पाणी मावेल?" आधी अंदाज, मग मोजणी, हा क्रम मोडू नये. अंदाज कोळशाने जमिनीवर मांडावा आणि मुलाने स्वतः तांब्याने पाणी ओतावे. पाणी सांडेल, सांडू द्यावे, झाडांना घालता येते. नंतर तेच तांब्याभर पाणी एकदा परातीत व एकदा उंच, अरुंद भांड्यात ओतून दाखवावे. पाचसहा वर्षांचे मूल बहुधा म्हणेल की उंच भांड्यात जास्त आहे. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ झां पियाजे (१८९६–१९८०) यांनी मुलांच्या या समजुतीचा बारकाईने अभ्यास केला. साधारण सातव्या वर्षाच्या सुमारास ती सुटू लागते. तेव्हा रागावू नये. पाणी परत तांब्यात ओतून पाहू द्यावे.

वजनासाठी काठीच्या दोन टोकांना सारख्या आकाराच्या करवंट्या बांधाव्यात आणि काठी मधोमध दोरीला टांगावी. एका करवंटीत वाटीभर तूर, दुसरीत त्याच वाटीने वाटीभर चुरमुरे. माप एकच आणि वजन निराळे, हे मूल हसत शिकते. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हेही जाता जाता सांगावे.

आजीला या खेळात जरूर घ्यावे. दोन चिपटी म्हणजे मापटे, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली, हे तिला पाठ असेल. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बिदर जिल्ह्यातील उदगीर मुंबई राज्यात गेले आणि भालकी म्हैसूर राज्यात. त्याच वर्षी मेट्रिक मापांचा कायदा झाला आणि १९५८ पासून तो टप्प्याटप्प्याने अमलात आला. शेर गावोगाव बदलत असे. किलो मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना तेवढाच राहिला.

तराजूची परीक्षा शेवटी शिकवावी. प्रथम रिकामी पारडी समान आहेत का ते पाहावे. मग माल आणि वजन यांची पारडी अदलाबदल करून पुन्हा तोलावे. तराजू खरा असेल तर काटा दोन्ही वेळा मध्येच राहतो. खोट्या तराजूविषयी नीतिसूत्रे ११:१ मध्ये काय म्हटले आहे, ते मुलाने याच वेळी वाचावे. आणि पुढच्या आठवडी बाजारात, जिथे अजून पारड्यांचा तराजू असेल तिथे, आईजवळ उभे राहून काटा पाहावा.