परतीचा दोर

चि. छोटीस,


शनिवारी रात्री सर्व्हरचे फर्मवेअर अपडेट तुझ्याकडे आहे आणि स्नॅपशॉट घेतल्यामुळे तू निर्धास्त आहेस, म्हणून हे पत्र. स्नॅपशॉट व्हर्च्युअल मशीनला मागे नेतो. बायॉस मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असतो, तिथे त्याचा हात पोचत नाही.

अपडेट टाळ, असे मी म्हणत नाही. २०१९ मध्ये एचपीईने कळवले होते की त्यांच्या काही एसएसडी ३२,७६८ तास चालल्या की डेटासकट कायमच्या जातील; इलाज एकच, नवे फर्मवेअर. एकाच दिवशी बसवलेल्या डिस्क एकदमच जाणार, तिथे रेडही निरुपयोगी. तेव्हा पुढे जायचेच. पण परतीचे दोर कापणे सूर्याजीला शोभले. आपण दोर आधी ओढून बघावा.

प्रत्येक भागाचा परतीचा दोर वेगळा तपास. डेलच्या आयड्रॅकमध्ये आधीची आवृत्ती राहते, पण एकच. दोन टप्प्यांत वर गेलीस तर मूळ आवृत्तीची फाइल तुझ्याजवळ हवी. एचपीईच्या आयएलओ ५ मध्ये डाउनग्रेड कायमचे बंद करणारी सेटिंग आहे. ती लावली की उलटत नाही. आधी कोणी लावून ठेवली नाही ना, बघ. काही सुरक्षा-अपडेट स्वतःच मागची वाट बंद करतात. रिलीज नोट्स शेवटपर्यंत वाच. जिथे वाटच नाही, तिथे काम उचलणारे दुसरे मशीन तयार ठेव.

बायॉसच्या सेटिंग एक्सपोर्ट कर. मागे आल्यावर बूट मोड किंवा डिस्क कंट्रोलरचा मोड बदललेला निघाला, तर सर्व्हर सुरू होऊनही ओएस उठणार नाही. बिटलॉकर असेल तर आधी सस्पेंड कर आणि रिकव्हरी की दुसरीकडे ठेव. बायॉस आणि आयड्रॅक एका दमात बदलू नकोस. बायॉस अडकला तर कन्सोल आयड्रॅकमधूनच दिसतो.

मुख्य गोष्ट ही : आधी एका बिनमहत्त्वाच्या सर्व्हरवर अपडेट कर आणि सगळे सुरळीत चालले तरी मुद्दाम मागे आण. लागलेला वेळ टिपून घे. त्यावरून शनिवारी किती वाजता माघार घ्यायची, ते आजच कागदावर लिही. पहाटे तीनला ‘अजून एक रीबूट’ हा मोह आवरत नाही.

साहेबांनी रोलबॅकचे विचारले, तर ‘बॅकअप आहे’ हे उत्तर नव्हे. ‘मागे आणून पाहिले, एवढी मिनिटे लागली’ असे सांगता येत नसेल, तर शनिवार पुढे ढकल.

तुझा,
मामा